चौपाटीवरचें विमान

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

गेल्या श्रावणांत अंबरनाथला एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं सत्यनारायणाच्या प्रसादाला गेलों होतों. मंडळी पानसुपारी घेत बसली असतां यजमानांचा पुतण्या माझ्याजवळ येऊन बसला. मुलगा हुशार, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो. त्यानें आपला मोबाईल माझ्या हातांत ठेवला आणि म्हणाला, "काका, हें पाहा. १८९५ सालीं आपल्या शिवकर बापूजी तळपद्यांनीं चौपाटीवर उडविलेलें विमान. राइट बंधूंच्या आठ वर्षें आधीं!" चित्रफीत अवघी अर्ध्या मिनिटाची. रंग पिवळसर, तपकिरी; वाळूवर पगड्या-पागोटीं घातलेल्या माणसांची गर्दी, मागें समुद्र, आणि त्या गर्दीच्या डोक्यांवरून पंख पसरून वर जाणारें एक लांकडी यंत्र. खरें सांगतों, पाहतांना माझ्याहि अंगावर कांटा उभा राहिला. आपल्या मुंबईच्या एका मराठी गृहस्थानें साऱ्या जगाच्या आधीं आकाश गांठलें, हें कोणाला आवडणार नाहीं?

फीत संपल्यावर मीं त्याला एवढेंच विचारलें, "हें चित्र घेतलें कोणीं?"

तो गप्प बसला. हा प्रश्न मीं त्याला अडविण्यासाठीं विचारला नव्हता. ल्युमिएर बंधूंनीं पॅरिस येथें पैसे घेऊन लोकांना हलतीं चित्रें प्रथम दाखविलीं तीं २८ डिसेंबर १८९५ रोजीं. मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत तीं आलीं ७ जुलै १८९६ रोजीं. मराठी माणसानें स्वतः कॅमेरा हातीं घेतला तो त्याहि नंतर. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना मुंबई सावेदादा म्हणून ओळखी, त्यांनीं हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली ती १८९९ सालीं. तेव्हां १८९५ सालच्या चौपाटीचें हलतें चित्र मुळीं असूंच शकत नाहीं. पुढें शोध घेतां तो तुकडा ३० जानेवारी २०१५ रोजीं प्रदर्शित झालेल्या 'हवाईजादा' या हिंदी बोलपटांतला निघाला. बोलपट करणारांनीं तो बोलपट म्हणूनच लोकांपुढें ठेवला होता. मधल्या कोणींतरी त्याचे रंग उडवून, वर सन घालून, त्याला इतिहासाचा पुरावा करून टाकलें.

पण मुलगा खरोखरच हुशार. तो म्हणाला, "चित्रफीत खोटी असेल, काका, पण म्हणून विमान उडालेंच नाहीं असें कसें म्हणतां येईल? शिवाजी महाराजांची तरी चित्रफीत कोठें आहे?" आक्षेप बिनतोड आहे. आज मी आपल्यापुढें जें बोलणार आहें, तें त्या आक्षेपाला मला सुचलेलें उत्तर होय.

त्या संध्याकाळीं आम्ही दोघे गांवाबाहेरच्या जुन्या शिवमंदिरांत गेलों. हें देऊळ पांडवांनीं एका रात्रींत बांधलें अशी कथा अंबरनाथमधील लहान मुलांनाहि ठाऊक असते. कथा गोड आहे, आणि देवळाचें कोरीव काम पाहिलें म्हणजे मनुष्याच्या हातचें हें काम नव्हे असें क्षणभर वाटतेंहि. परंतु त्याच देवळाच्या एका तुळईवर कोरलेला लेख सांपडला. त्यांत शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ आणि शिलाहार राजा माम्वाणि याचें नांव आहे. या लेखाच्या वाचनाचाहि इतिहास मौजेचा आहे. एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी यांनीं तो वाचला तेव्हां पहिला आंकडा ७ असा लागला आणि देऊळ होतें त्याहून दोनशें वर्षांनीं जुनें ठरलें. पुढच्या अभ्यासकांनीं अक्षरें पुन्हां तपासून तो आंकडा ९ असल्याचें दाखविलें. भाऊ दाजींसारख्या पंडिताची चूक दुरुस्त होऊं शकली, कारण दगड होता. ज्याला शंका आली त्यानें जाऊन पाहावें. पांडवांच्या रात्रीविषयींची चूक दुरुस्त करण्याची सोयच नाहीं. तेथें तपासण्यासारखें कांहीं नाहीं.

शिवाजी महाराजांची चित्रफीत नाहीं हें खरें. पण त्यांचीं पत्रें आहेत, नाणीं आहेत, किल्ले आहेत, आणि सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांनीं घाबरून लिहिलेलीं टिपणें आहेत. मित्रानें लिहिलेलें एकवेळ बाजूला ठेवूं. शत्रूनें आणि व्यापाऱ्यानें त्याच वर्षीं लिहिलेलें बाजूला ठेवतां येत नाहीं. चौपाटीच्या विमानासाठीं असा एक कागद तरी आहे काय, एवढाच प्रश्न आहे.

कथा जशी सांगितली जाते तशी प्रथम सांगतों. १८९५ सालीं तळपद्यांनीं 'मरुत्सखा' नांवाचें विमान चौपाटीवर उडविलें. त्यांत माणूस नव्हता. तें पंधराशें फुटांपर्यंत चढलें व खालीं आलें. तें पाऱ्याच्या शक्तीवर चालत होतें. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे त्या वेळीं हजर होते. आणि 'केसरी'नें ही बातमी छापली. आतां या कथेंत किती मोठमोठीं नांवें आलीं आहेत तें पाहा. मला तर मोठ्या नांवांनींच शंका येते. अनामिक साक्षीदार उसना आणण्यापेक्षां मोठा उसना आणणें नेहमीं सोपें असतें, कारण मोठ्या माणसाला कोणी उलट विचारीत नाहीं.

पण मोठ्या माणसांची एक अडचणहि असते. त्यांच्या आयुष्यावर लोकांचा डोळा असतो. १८९५ हें कांहीं अंधारयुगांतलें साल नव्हे. 'केसरी' दर आठवड्याला निघत होता; टिळक त्या वर्षीं रायगडावरील शिवरायांच्या समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ चालवीत होते. रानडे उच्च न्यायालयाच्या आसनावर बसून दोन वर्षें होत आलीं होतीं. त्या वर्षाअखेर पुण्यास राष्ट्रसभा भरली, आणि सभेच्या मंडपांत सामाजिक परिषद भरवावी कीं नाहीं यावरून रानड्यांचा पक्ष आणि टिळकांचा पक्ष यांच्यांत जो वाद पेटला तो प्रसिद्ध आहे. एका पक्षाचा माणूस कोठें गेला, कोणाशीं बोलला, हें दुसरा पक्ष डोळ्यांत तेल घालून पाहत होता. अशा वर्षीं रानडे चौपाटीच्या वाळूवर उभे राहून यंत्र आकाशांत जातांना पाहतात, शेजारीं बडोद्याचे महाराज असतात, आणि त्याचा पडसाद पुण्या-मुंबईच्या वादांत कोठेंच उमटत नाहीं? कथा सांगणारांपैकीं कोणींहि 'केसरी'च्या त्या अंकाचा छाप पुढें ठेवलेला नाहीं. अंकाची तारीखहि कोणी सांगत नाहीं. खरा उतारा असता तर तो काढून दाखविणें हें एका दुपारचें काम होतें.

पाऱ्याविषयीं दोन शब्द. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड. जड वस्तु विमानांत घेऊं नये असें नाहीं. पण तिच्यापासून शक्ति कशी निघते तें सांगितलें पाहिजे. या कथेचे कैवारी म्हणतात कीं पाऱ्याचे विद्युत्कण मागें फेंकून पुढें जाणारें तें इंजिन होतें. असें इंजिन खरोखर आहे. अमेरिकेनें १९६४ सालीं तें अवकाशांत चालवून पाहिलें. त्याचा रेटा इतका सौम्य होता कीं पृथ्वीवर त्यानें कागदाचा एक मोठा तावहि उचलला नसता. शिवाय तें निर्वातांत चालतें. चौपाटीवरच्या दमट वाऱ्यांत नव्हे. म्हणजे कथेला आधुनिक शास्त्राचा आधार द्यावयास गेलेल्या मंडळींनीं तिचा उरलासुरला आधारहि काढून घेतला.

मग तळपदे कोण होते? ते १८६४ सालीं जन्मलेले मुंबईचे पाठारे प्रभु गृहस्थ. आर्यसमाजाचे अनुयायी, हातानें काम करण्याची हौस असलेले, वेदांत विमानविद्या आहे या श्रद्धेनें झपाटलेले. पहिलें महायुद्ध चालूं असतांच ते वारले. ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा या कथेशीं नेहमीं संबंध जोडला जातो, तो ग्रंथ बंगळूरकडील पंडित सुब्बराय शास्त्री यांनीं १९१८ ते १९२३ या काळांत तोंडानें सांगितला व दुसऱ्यानें उतरवून घेतला. त्यांतील विमानांच्या आकृति बंगळूरच्या अभियांत्रिकी विद्यालयांतील एका आरेखकानें काढल्या. १९७४ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच शास्त्रज्ञांनीं या ग्रंथाची बारकाईनें परीक्षा केली. भाषेवरून व इतर पुराव्यावरून ग्रंथ १९०४ च्या अलीकडचा ठरला, आणि त्यांतील रुक्म, शकुन, सुंदर, त्रिपुर या चार विमानांपैकीं एकहि उडण्याजोगें नाहीं असा निर्णय त्यांनीं दिला. त्याच निबंधांत एक बारीकशी नोंद आहे, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते: मुंबईच्या तळपद्यांनीं शास्त्र्यांच्या मार्गदर्शनाखालीं कांहीं प्रतिकृति करून पाहिल्या, परंतु एकहि उडाली नाहीं.

म्हणजे माणूस खरा, धडपड खरी, अपयशहि खरें. जगांत त्या काळीं उडूं पाहणारे शेंकडो लोक अपयशीच ठरले. त्यांत कमीपणा कसला? पण आपण त्या धडपडणाऱ्या माणसाला बाजूला सारून त्याच्या जागीं एक खोटा विजेता उभा केला. आज तळपद्यांनीं खरोखर काय केलें, कोणतीं हत्यारें वापरलीं, कोणत्या ठिकाणीं अडले, हें विचारावयास गेलें तर कोणाला त्यांत गोडी नाहीं. सर्वांना पंधराशें फूट पाहिजेत. ४ जानेवारी २०१५ रोजीं मुंबईंत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेंतहि प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि देशोदेशीं त्याची चर्चा झाली. चौपाटीपासून अवघ्या कांहीं कोसांवर, विज्ञानाच्याच मांडवांत, चाळीस वर्षांपूर्वींच्या परीक्षणाची आठवण पुन्हां करून द्यावी लागली.

आतां दुसरी बाजू. १७ डिसेंबर १९०३ रोजीं अमेरिकेंतल्या किटी हॉक गांवानजीकच्या वाळूंत राइट बंधूंनीं जें उड्डाण केलें, तें आपण खरें कां मानतों? छायाचित्र आहे म्हणून? छायाचित्र आहे खरें. जीवरक्षक नाक्यावरच्या जॉन डॅनियल्स नांवाच्या माणसानें तें घेतलें. कांच पुढें बंधूंनीं घरीं डेटनला नेऊन धुतली. १९१३ च्या पुरांत तिचा कोपरा तुटला, तरी ती अद्याप जपलेली आहे. पण एका छायाचित्रानें कोणाचें समाधान होऊं नये. पांच माणसें तेथें उभीं होतीं. ऑर्व्हिलची त्या दिवशींची रोजनिशी आहे: पहिलें उड्डाण १२ सेकंद, १२० फूट; चौथें ५९ सेकंद, ८५२ फूट. त्याच दिवशीं वडिलांना केलेली तार आहे, आणि त्या तारेंत चूक आहे. ५९ सेकंदांऐवजीं ५७ असे पडले आहेत, आणि पाठविणाराचें नांवहि चुकीचें लिहिलें गेलें आहे. खोटा पुरावा रचणारा अशी चूक सहसा करीत नाहीं; त्याचे सगळे आंकडे एकमेकांशीं जुळतात. आणि शेवटचें म्हणजे, त्यांनीं तें पुन्हां करून दाखविलें: १९०४ मध्यें, १९०५ मध्यें, आणि १९०८ सालीं फ्रान्समध्यें हजारों लोकांच्या डोळ्यांदेखत.

एवढें असूनहि लोकांनीं त्यांच्यावर सहजीं विश्वास ठेवला नाहीं हें विसरूं नये. त्यांच्याच देशांतल्या स्मिथसोनियन संस्थेनें आपल्या जुन्या चिटणिसाच्या यंत्राला पहिलेपणाचा मान देऊन राइटांचा हक्क १९४२ पर्यंत निखालस मान्य केला नाहीं. रागावून ऑर्व्हिलनें तें पहिलें विमान १९२८ सालीं लंडनच्या संग्रहालयाला पाठवून दिलें. तें परत अमेरिकेंत येऊन टांगलें गेलें १९४८ च्या १७ डिसेंबरला. खऱ्या गोष्टीलाहि पंचेचाळीस वर्षें साक्ष द्यावी लागली, आणि ती देतां आली.

छायाचित्र म्हणजे पुरावा नव्हे, असें मी म्हटलें त्याला एक जुना दाखला आहे. १९३३ सालीं लंडनमध्यें 'डेथ इन दि एअर' नांवाचें पुस्तक निघालें; पहिल्या महायुद्धांतील एका निनांवी वैमानिकाची रोजनिशी आणि त्यानें लढतांना विमानांतून घेतलेलीं म्हणून छापलेलीं छायाचित्रें. दोन विमानें एकमेकांवर आदळत आहेत, एक पेटलें आहे, एकांतून माणूस खालीं पडत आहे. चित्रें विलक्षण होतीं. कोणत्याहि वैमानिकाला इतकें जवळून, इतकें स्थिर चित्र घेतां येत नाहीं, अशी शंका कांहीं जाणत्यांना आलीहि. पण ग्रंथांतून व मासिकांतून तीं चित्रें अर्धें शतक खरीं म्हणून छापलीं गेलीं. १९८० नंतरच्या दशकांत वेस्ली आर्चर नांवाच्या अमेरिकन गृहस्थाचे कागद वॉशिंग्टनच्या विमान-संग्रहालयांत आले, आणि त्यांत लांकडाचीं छोटीं विमानें व तारांना टांगून केलेल्या मांडणीचीं चित्रें निघालीं. गंमत अशी कीं आर्चर स्वतः त्या युद्धांत वैमानिक होता. त्याला खरें युद्ध ठाऊक होतें. म्हणूनच त्याचें खोटें इतकें पटलें. फसविणारा अडाणी असतो ही आपली समजूत सोडून दिली पाहिजे.

आतां लांकडाचीं विमानें करण्याचीहि गरज उरली नाहीं. २६ फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोटवरील हल्ल्यानंतर जी चित्रफीत 'हल्ल्याचें खरें चित्र' म्हणून घरोघर फिरली, ती संगणकावर खेळावयाच्या 'आर्मा' नांवाच्या युद्धखेळांतली होती व बरींच जुनी होती. मे २०२५ मध्यें सीमेवर संघर्ष झाला तेव्हां त्याच खेळाच्या पुढच्या आवृत्तींतल्या फिती दोन्हीं बाजूंच्या लोकांनीं आपापल्या विजयाचीं चित्रें म्हणून पाठविल्या, आणि केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला त्या खोट्या असल्याचें जाहीर करावें लागलें. खेळांतलें विमान ओळखणें मुळीं अवघड नाहीं. तें वळतांना त्याला वजन असल्यासारखें वळत नाहीं. धूर एकाच साच्याचा पुन्हां पुन्हां येतो. आणि आवाज! आवाज सेकंदाला सुमारें ३४० मीटर चालतो. तेव्हां एक किलोमीटरवरचा स्फोट दिसल्यावर तो ऐकूं यावयास जवळजवळ तीन सेकंद लागले पाहिजेत. दिवाळींत दूरचा बाण फुटतांना हें प्रत्येकानें अनुभवलें आहे. पाहणारा दूर उभा असून उजेड आणि आवाज एकाच क्षणीं आले, तर ती फीत कोणीतरी घरांत बसून जुळविली आहे.

या बाबतींत मी आपल्या उल्हासनगरच्या लोकांना गुरु मानतों. युद्धकाळच्या कल्याण कॅम्पांत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं शून्यांतून जो बाजार उभा केला, त्याच्यावर 'मेड इन यू. एस. ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आपण सर्वांनीं केला आहे. पण त्याच बाजारांतला जुना दुकानदार माल कसा पाहतो तें पाहावें. तो छापलेलें नांव पाहतच नाहीं. तो शिवण उलटून पाहतो, बटण ओढून पाहतो, आणि विचारतो, "माल कोणाकडून आणला?" नक्कल ओळखणें हें त्याचें पोट आहे. मोबाईलवरच्या फितीचीहि शिवण उलटून पाहतां येते: ती प्रथम कोणीं, कोणत्या दिवशीं टाकली; तिच्यांतलें एखादें चित्र उचलून शोधलें तर तें पूर्वीं कोठें दिसतें काय; विमानावरचीं अक्षरें वाचतां येतात काय. आपल्या देशांतल्या मुलकी विमानांवर व्ही. टी. हीं अक्षरें असतात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला ज्या चिमुकल्या 'पस मॉथ' विमानांतून उतरले, त्यावर व्हीटी-एडीएन असें लिहिलेलें होतें. यंत्राकडून काढविलेल्या खोट्या चित्रांत हींच अक्षरें पुष्कळदां वांकडीतिकडीं, अर्धवट, कोणत्याच लिपीचीं नसल्यासारखीं उमटतात.

१२ जून २०२५ रोजीं दुपारीं अहमदाबादेहून लंडनला निघालेलें एअर इंडियाचें विमान, व्हीटी-एएनबी, उड्डाणानंतर मिनिटाच्या आंत एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलें. विमानांतल्या २४२ जणांपैकीं एकच वांचला. त्या विमानाच्या सेवकवर्गांत आपल्या या कल्याण-बदलापूर पट्ट्यांतलेंहि माणूस होतें. त्या संध्याकाळीं माझ्या मोबाईलवर जीं चित्रें आलीं त्यांतलीं निम्मीं खोटीं होतीं. कोठें तुटलेल्या विमानाचें शेपूट भलत्याच इमारतींत रुतलेलें, कोठें दुसऱ्याच देशांतला जुना स्फोट. पुढें कांहीं दिवसांनीं चौकशीचा एक बनावट अहवालहि फिरला. हीं चित्रें मला आलीं, तशीं तीं, ज्या घरांत दाराकडे डोळे लावून माणसें बसलीं होतीं, तेथेंहि आलीं असणार. चौपाटीच्या विमानाची गोष्ट आपण हंसून ऐकूं शकतों. त्या घरांत बसलेल्या माणसाला, जें दिसतें आहे तें खरें कीं खोटें, हें ओळखण्याइतकें भान कोठून असणार? तें काम शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं करावयाचें होतें, आणि शेजारीपाजारीच तीं चित्रें पुढें पाठवीत होते. त्यांत मीहि एक चित्र पाठविलें होतें. खोटें आहे हें दुसऱ्या दिवशीं कळलें. तें परत घेतां आलें नाहीं.

खरी चित्रेंहि त्याच दिवशीं होतीं. विमानतळाजवळच्या एका गच्चीवरून एका विद्यार्थ्यानें सहज हौसेनें घेतलेली फीत होती, आणि विमानतळावरच्या कॅमेऱ्याची होती. तींत कांहीं भव्य दिसत नाहीं: दूरवर एक विमान चढतें, मग थबकल्यासारखें होतें, आणि घरांच्या मागें उतरत जातें. पण एका महिन्यानें, १२ जुलैला, चौकशीचा प्राथमिक अहवाल निघाला तेव्हां त्यांत विमानतळाच्या कॅमेऱ्यांतलें एक चित्र छापलें होतें. विमानाच्या पोटाखालीं एक लहानसें चक्र बाहेर आलेलें त्यांत दिसतें. इंजिनांची शक्ति गेली म्हणजे वाऱ्यावर फिरून वीज देणारें तें चक्र. त्या धूसर चित्रानें चौकशी पुढें सरकली. ज्या चित्रांत आगीचे लोळ रंगविलेले होते त्यांनीं कोणालाहि कांहीं सांगितलें नाहीं.

आणि आपल्या बदलापूरनें तर एक खरी फीत स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेली आहे. २७ जुलै २०१९ च्या पहाटे कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरांत अडकली. गाडींत सुमारें हजारभर माणसें; रूळ दिसत नाहींत, डबे तांबड्या पाण्यांत उभे. आपत्ति निवारण दलाच्या होड्या आल्या, नौदलाचीं व हवाई दलाचीं हेलिकॉप्टरें आलीं, आणि दुपारपर्यंत सर्व उतारू सुखरूप बाहेर निघाले. त्या दिवशींच्या फिती पाहिल्या तर पावसानें कांच पुसट झालेली, हात हालतो आहे, मध्येंच कोणाची तरी छत्री येते. पण गाडीच्या डब्याचा रंग, मागची डोंगराची रेघ, पावसाची नोंद, गाडीचें वेळापत्रक, सगळें एकमेकांशीं जुळतें. आणि ज्यानें ती घेतली तो माणूस अमक्या गल्लींत राहतो हें शेजाऱ्याला ठाऊक असतें.

अंबरनाथच्या त्या पुतण्याला मीं पुढच्या रविवारीं नेवाळीला नेलें. अंबरनाथ आणि कल्याण यांच्या मधलें, हाजी मलंगच्या वाटेवरचें हें ठिकाण. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन भरांत, १९४२ नंतर, इंग्रज सरकारनें येथें सैन्यासाठीं विमानतळ केला. त्यासाठीं आसपासच्या गांवांची सोळाशें एकरांहून अधिक जमीन घेतली. युद्ध संपलें, इंग्रज गेले. जमीन संरक्षण खात्याकडे राहिली आणि गांवकरी त्यावर भात लावीत राहिले. जून २०१७ मध्यें नौदलानें कुंपणाचें काम काढलें तेव्हां गांवकऱ्यांनीं उग्र आंदोलन केलें. रस्ते अडले, गाड्या जळल्या, पोलीसहि जखमी झाले आणि गांवकरीहि. हा आपल्या दारचा विमानांचा इतिहास. त्यावर कोणीं बोलपट काढला नाहीं.

आकाशांतून घेतलेल्या चित्रांत धांवपट्टीच्या रेघा अजून स्पष्ट दिसतात. जमिनीवरून मात्र गवत आणि चिखलच दिसतो. मुलगा मोबाईलवर तें आकाशांतलें चित्र उघडून आणि समोरचें रान पाहून मनाशीं दिशा जुळवीत होता. एका ठिकाणीं त्याच्या बुटाखालीं कांहीं कठीण लागलें. त्यानें पायानें गवत बाजूला सारलें. खालीं जुन्या गिलाव्याचा फुटका थर होता. तो खालीं बसला, हातानें माती झाडली, आणि मला म्हणाला, "काका, या जमिनीचे कागद कोणत्या कचेरींत पाहावयास मिळतील?"